बालवाडीच्या दारातलं रडणं: भीती कुठली, विलंब कुठला

जूनमध्ये बालवाड्या सुरू झाल्या की दोन उलट्या चुका एकाच वेळी होताना दिसतात. एका घरचं मूल तीन आठवडे रडतं, वर्गात बोलत नाही, डब्याला हात लावत नाही, आणि कुणीतरी सल्ला देतं, ‘दाखवून घ्या, काहीतरी कमी आहे.’ दुसऱ्या घरचं मूल विकासात खरोखर मागे असतं, म्हणजे विलंब असतो, पण रडतं म्हणून सगळे म्हणतात, ‘आईवेडं आहे, होईल सवय.’ पहिल्या चुकीत आईवडिलांची झोप उडते. दुसऱ्या चुकीत वर्ष जातं, आणि या वयातलं वर्ष भरून काढणं सोपं नसतं. म्हणून आज दुसऱ्या चुकीवर जास्त बोलू.

ताटातुटीची भीती हा मुळात आजार नाही, विकासाचाच टप्पा आहे. दृष्टीआड झालेली वस्तू नाहीशी होत नाही, ती कुठेतरी असते, हे बाळाला साधारण आठव्या महिन्याच्या आसपास कळू लागतं. खुळखुळ्यावर फडकं टाकलं तर ते फडकं ओढतं. आई दिसेनाशी झाली तर ‘ती गेली’ हेही त्याला तेव्हाच कळतं. ही भीती १० ते १८ महिन्यांच्या दरम्यान सर्वांत जास्त असते आणि बहुतेक मुलांत तिसऱ्या वर्षापर्यंत ओसरते. घर बदललं, पाठचं भावंड आलं, आजारपण झालं किंवा शाळा सुरू झाली की पुन्हा काही दिवस उसळी मारते.

यातून निघणारा मुद्दा नीट लक्षात घ्या. ही भीती जन्मतारखेनुसार चालत नाही, समजेच्या वयानुसार चालते. साडेतीन वर्षांच्या मुलाची समज सव्वा वर्षाच्या मुलाएवढी असेल, तर त्याची भीतीही सव्वा वर्षाच्या मुलासारखीच असणार. ‘खाऊ खाऊन झाला की आई येईल’ या वाक्यातलं ‘झाला की’ त्याला उमगतच नाही. त्याच्या लेखी आई गेली ती गेलीच. म्हणजे भीती खरी, पण तिच्या खाली विलंब दडलेला. ‘हे की ते’ असा प्रश्न विचारला तर अशी मुलं हातातून निसटतात.

मग विचारायचं काय? आई जवळ असताना, घरी, पोट भरलेलं आणि झोप झालेली असताना मूल काय करतं? दारातल्या रडण्यावरून भीती किती आहे ते समजतं; विकास किती झालाय ते समजत नाही. नुसती भीती असलेलं मूल आई परत आली की पंधरा-वीस मिनिटांत आपल्या मूळ रूपात येतं: बडबडतं, बोट दाखवतं, भातुकली मांडतं, बालवाडीच्या ताईंची नक्कल करतं. विलंब असलेल्या मुलात जे वर्गात दिसत नाही, ते घरीही दिसत नाही.

घरी पाहायच्या गोष्टी थोड्याच आहेत, पण पाहण्याची पद्धत महत्त्वाची. पाठीमागून, मूल खेळात असताना, नावाने हाक मारा. वर्षाच्या मुलाने वळून पाहायला हवं. समोर उभं राहून हातवारे करत हाक मारली तर ती परीक्षा ठरत नाही. बोट दाखवणं दोन प्रकारचं असतं: हवं म्हणून दाखवणं, आणि ‘बघ, कावळा!’ असं दुसऱ्याला दाखवण्यासाठी दाखवणं. दुसरं जास्त मोलाचं; दीड वर्षापर्यंत ते यायला हवं. सूचना देताना हात आणि नजर दोन्ही आवरा. ‘चप्पल आण’ म्हणताना आपण चपलेकडे पाहतो, मूल आपली नजर वाचतं, आणि आपण म्हणतो त्याला सगळं समजतं! दीड वर्षाला एक सूचना, अडीचला जोडसूचना: ‘चेंडू ठेव आणि दार लाव.’ बोलण्यात १६ महिन्यांपर्यंत एखादा अर्थपूर्ण शब्द, दोन वर्षांपर्यंत ‘बाबा गेले’, ‘दूध नको’ अशी स्वतः जुळवलेली जोडी. तीन वर्षांच्या मुलाचं बोलणं परक्या माणसालाही बरंचसं कळलं पाहिजे. घरात मराठी आणि हिंदी दोन्ही असतील तर दोन्हीतले शब्द एकत्र मोजा. दोन भाषांमुळे विलंब होत नाही. चालण्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेच्या अभ्यासात आधाराशिवाय चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा आला. म्हणून चौदाव्या महिन्यात घाबरू नका, अठरा महिने उलटले तर थांबू नका. मूल अपुऱ्या दिवसांचं असेल तर दोन वर्षांपर्यंत तेवढे आठवडे वजा करून वय धरायचं: ३२ आठवड्यांना जन्मलेल्याचे आठ आठवडे.

एका गोष्टीला कोणतंही स्पष्टीकरण चालत नाही. येत असलेले शब्द गेले, हाकेला वळणं थांबलं, टाटा करणं बंद झालं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञ. शाळेच्या ताणामुळे मूल पुन्हा चड्डी ओली करतं, बोबडं बोलतं, भरवून मागतं. ते काही आठवड्यांत सावरतं. पण शब्द आणि नजरेची ओळख ताणामुळे गळून पडत नाही.

आणखी एक गैरसमज काढून टाकायचाय: ‘आईला इतकं बिलगतो, म्हणजे स्वमग्नता (ऑटिझम) नसणार.’ स्वमग्न मुलांनाही आईचा लळा असतो. त्यांच्या रडण्याचं कारण मात्र कधी कधी वेगळंच असतं: वर्गातला कल्ला, घंटेचा आवाज, बदललेली वाट. आई वर्गात बसली तरी रडणं चालूच राहिलं, तर ते ताटातुटीचं नव्हे.

ताईंसाठी एक काम. दोन आठवडे वहीत चार रकाने ठेवा: आई किती वाजता गेली, रडणं किती मिनिटं चाललं, शांत झाल्यावर मुलाने काय केलं, आई आल्यावर काय केलं. भीतीचं रडणं दिवसागणिक आखडतं, सोमवारी आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर थोडं वाढतं. तिसरा रकाना सगळ्यांत बोलका. शांत झालेलं मूल इतरांचा खेळ बघतं का, हळूच ठोकळे ओढतं का? की शांत झाल्यावरही एकच चाक फिरवत बसतं, हाक ऐकत नाही? चार आठवडे उलटूनही रडणं तसंच असेल, रात्री आईशिवाय झोप नाही, सकाळी पोटदुखी आणि उलटी, तर विकास उत्तम असला तरी त्या भीतीलाही उपचार लागतात.

तपासणीत कुठे चुकतं तेही सांगतो. अनोळखी खोली, पांढरा कोट, रडणारं मूल. दहा मिनिटांत ‘सहकार्य नाही’ असा शेरा पडतो आणि गुण कमी येतात. मुलाला आईच्या मांडीवर बसवून, झोपेची वेळ टाळून, गरज पडली तर दोन बैठकांत तपासायला सांगा. घरच्या खेळाची दोन-तीन मिनिटांची चित्रफीत मोबाइलवर सोबत न्या. बोलणं उशिरा असेल तर सर्वांत आधी कानांची तपासणी. थाळी वाजवली आणि वळला म्हणजे ऐकू येतं असं नाही. अंगणवाडीत तिरुवनंतपुरमच्या बालविकास केंद्राचा तक्ता वापरता येतो: दोन वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी अवघ्या १७ बाबी. तक्त्यात महिन्यांच्या आखणीवर प्रत्येक बाबीची आडवी पट्टी असते. मुलाच्या वयावर पेन्सिल उभी धरा. पेन्सिलीच्या डावीकडे पूर्ण संपणारी एखादी बाब जमत नसेल तर पुढे पाठवा. तक्ता निदान करत नाही, फक्त गाळून काढतो.

पाठवायचं कुठे? २०१३मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. संशयित मुलांना ते जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात, म्हणजे डीईआयसीमध्ये पाठवतं. पथकाची वाट पाहत बसू नका, पालक थेटही जाऊ शकतात. ‘त्याचे बाबाही चौथ्या वर्षी बोलले’ हे वाक्य तपासणीनंतर बोला, आधी नको.

तोवर मुलाला शाळेतून काढू नका. मूल भीतीचं असो की विलंबाचं, रुळवण्याची रीत सारखीच. पहिले दोन-तीन दिवस आई वर्गात, अर्धा तास. मग आई दाराबाहेर. मग वेळ हळूहळू वाढवायचा. निरोप एकाच वाक्याचा, रोज तोच. नजर चुकवून पळून जाणं सगळ्यांत वाईट, कारण दुसऱ्या दिवसापासून मूल आईवरची नजर काढत नाही आणि खेळत नाही. ज्या मुलाला भाषा कमी कळते त्याला वाक्याऐवजी चित्रं दाखवा: डबा, घसरगुंडी, आई.

एक चिठ्ठी आलीय: ‘मुलगी घरी अखंड बोलते, शाळेत सहा महिने एक शब्द नाही. मतिमंद आहे का?’ घरी वयानुरूप बोलत असेल तर हा विलंब नाही, लाडही नाही. हे निवडक मौन असू शकतं, म्हणजे बोलता येत असूनही ठरावीक ठिकाणी भीतीने तोंड न उघडणं. शाळेचा पहिला महिना सोडून त्यापुढे महिनाभर टिकलं तर बालमानसतज्ज्ञांना दाखवायचं. तोवर ‘बोल ना, नाव सांग’ असा आग्रह पूर्ण बंद. मान हलवून, बोट दाखवून दिलेलं उत्तर ताईंनी उत्तर म्हणूनच घ्यायचं. शाळा सुटल्यावर, रिकाम्या वर्गात, आईबरोबर ती खेळताना बोलते का ते पाहा. बोलली तर ताईंनी आधी दाराशी उभं राहायचं, काही दिवसांनी कोपऱ्यात बसायचं, मग खेळात शिरायचं. प्रश्न मात्र तेव्हाही विचारायचा नाही.