नमुना दोनमध्ये न मावलेली माणसं

(गावातल्या राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथी महोत्सवात एका निवृत्त ग्रामसेवकानं केलेलं भाषण, थोडं नीटनेटकं करून)

मायबापहो, प्रार्थना झाली, भजन मंडळानं खंजिरी खाली ठेवली, आणि तिकडून आलू-वांग्याच्या भाजीचा वास सुटलाय. माझ्या हाती वेळ किती उरला, ते नाकालाच कळतंय.

मंडळाची पोरं घरी आली आणि म्हणाली, "भाऊ, गेल्या पुण्यतिथीपासून आजवर गावातली जी माणसं गेली, त्यायच्यावर दोन शब्द बोला." दोन शब्द म्हणजे माझ्या हातचं काम. तीस वर्षं ग्रामसेवक होतो. माणूस गेला की मी दोनच शब्द लिहायचो, नाव आणि आडनाव. पण यादी हातात घेतली तेव्हा बसलो. अकरा माणसं. त्यातल्या नऊ जणांच्या घरी मी चहा प्यायलोय.

महाराज ११ ऑक्टोबर १९६८ ला गेले. आजही मोझरीला पुण्यतिथीला दुपारी ४ वाजून ५८ मिनिटांनी सगळं थांबतं आणि लाखो माणसं जागच्या जागी उभी राहतात. आपल्यातले पुष्कळजण तिथं उभे राहिलेत. त्या मौनात कोणी कोणाला "मनमिळाऊ" म्हणत नाही. मला ते मौन फार आवडतं. कारण आपल्या घाटावरच्या शोकसभा मी ऐकल्यात.

आपल्या भागात चिता पेटली की लोक घरी जात नाहीत. घाटावरच सावली बघून बसतात आणि शोकसभा होते. रीत चांगली आहे. पण बोलणं बघा. सरपंच उठतात, सोसायटीचे अध्यक्ष उठतात, तालुक्याहून कोणी आलं असेल तर तेही उठतात. मनमिळाऊ होते, परोपकारी होते, कधीही भरून न निघणारी पोकळी निर्माण झाली, दोन मिनिटं उभं राहू. नाव तेवढं बदलायचं, भाषण तेच. यंदा आषाढात तिफणवाल्या बुढ्याच्या शोकसभेत एक पुढारी म्हणाले, "अत्यंत शांत स्वभावाचे व्यक्तिमत्त्व." मी चाळीस वर्षं त्या माणसाला ओळखत होतो. शांत? तो शांत असता तर अर्ध्या गावाची पेरणी नीट झाली नसती. ते सांगतो. आधी माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो.

जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा. माणूस गेला की २१ दिवसांच्या आत खबर द्यायची. ती खबर ज्या कागदावर भरतात, तो नमुना दोन. नमुना एक जन्माचा, नमुना दोन मरणाचा. मधल्या सगळ्या आयुष्याला सरकारनं नमुना काढलेला नाही. त्या कागदाचे दोन भाग असतात. एक कायद्याचा, तो पंचायतीत राहतो. दुसरा आकडेवारीचा, तो फाडून वर जातो. वर जाणाऱ्या भागात काय विचारतात? धर्म, व्यवसाय, शेवटी औषधपाणी कोणाचं होतं. आणि मग, मृत व्यक्ती विडी-सिगारेट ओढत होती काय, असल्यास किती वर्षे? तंबाखू खात होती काय, किती वर्षे? सुपारी? दारू? किती वर्षे?

त्याची आकडेवारी लागते, डॉक्टर लोकांच्या कामाची आहे, मी काही त्याच्यावर हसत नाही. पण मयतीच्या घरी ओटीवर बसून हे रकाने मी भरलेत. रडून डोळे सुजलेल्या पोराला विचारलंय, "बाबू, बाबा तंबाखू किती वर्षांपासून खात होते?" आणि व्यवसायाच्या रकान्यात, माय असेल तर "घरकाम", बाप असेल आणि सात-बारा नसेल तर "मजुरी". असं शेकडो वेळा लिहिलं. शिक्का मारला, सही केली.

माझ्या आधी कोतवाल लिहायचा. इंग्रजांच्या काळापासून आपल्याकडं गावात कोण जन्मलं, कोण मेलं, ते कोतवालाच्या वहीत येई. ती वही आता फार भाव खाऊन आहे. तहसीलच्या रेकॉर्डरूमपुढं लाईन असते. आजोबाच्या बापाची मरणनोंद पाहिजे. कशाला? जात पडताळणीला. कोणाला १९५० च्या आधीची पाहिजे, कोणाला १९६७ च्या आधीची. पणजोबा कोणत्या रोगानं गेला, त्या साली गावात एकाच आठवड्यात सात मयती का लिहिल्यात, हे कोणी वाचत नाही. नावापुढं जात काय लिहिली तेवढं बघायचं, नक्कल घ्यायची, लॅमिनेशन करायचं. कामच तसं आहे, पोरांच्या ॲडमिशनचा प्रश्न असतो. माझ्याही कपाटात तसा एक कागद आहे. तो कागद ज्याच्या मरणाचा, तो उंच होता की बुटका, ते मला सांगता येत नाही.

तर आता माणसं.

दाईबुढी चैत्रात गेली. इथं चाळिशीच्या पुढचे जे बसलेत, त्यांतल्या निम्म्यांना जगात पहिला हात लागला तो तिचा. मी इथं ग्रामसेवक होतो तेव्हा लोकांच्या वयाचा मोठा घोळ. निराधारच्या पगाराचे अर्ज, शाळेचे दाखले, जिथं तिथं वय. मी रजिस्टर उलटतोय आणि ही दारात उभी. "साहेब, कागद कायले पाहता? मले इचारा." आणि सांगायची. हा मिलोच्या साली झाला, म्हणजे बहात्तरचा दुष्काळ, लाल ज्वारी खाल्ली तो. ही मोवाडच्या पुराच्या साली, पुरानंतर, पोळ्याच्या आधी. मोवाडला ३० जुलै १९९१ ला वर्धा नदी गावात शिरली, २०४ माणसं गेली. आपण त्याच नदीच्या काठचे, त्या दिवसांत नदीतून काय काय वाहत आलं ते जुन्या लोकांनी पाहिलंय. आणि त्याच महिन्यात ही बुढी कंदील घेऊन चिखलातून बाळंतपणाला जात होती. माझ्या रजिस्टरची आणि तिची गाठ घातली तर दहात नऊ वेळा चूक रजिस्टराची निघायची.

तिचा खरा गुण मात्र दुसराच. अडलेली बाई पाहिली की ती हात धुवायची, पोटावर हात ठेवायची आणि कधी कधी लगेच उठायची. "बंडी जुंपा. हे माह्या हातचं नाही." तिला तिच्या हाताची हद्द ठाऊक होती. घरचे म्हणत, थांब, बघ तरी. ती ऐकायची नाही. आता १०८ ला फोन लावला की गाडी येते. तेव्हा बंडी जुंपून पांदणीनं दोन तास दवाखाना. ती निघायला वेळेवर सांगायची म्हणून ज्या वाचल्या, त्या कुठं नोंदवायच्या? बिदागी काय, तर एक लुगडं, पायलीभर ज्वारी, नारळ. परवा पंचायतीत जाऊन तिची नोंद काढून बघितली. व्यवसाय: घरकाम. माझ्या जागी आलेल्या पोरानं लिहिलंय. त्याला काय बोलू, माझ्याच हाताखाली शिकलाय.

अजून एक. त्या कागदावर मृत व्यक्तीच्या आईचं नाव असतं. तिथं त्यानं रेघ मारलीय. तिच्या मुलाला आपल्या आईच्या आईचं नाव माहीत नाही. आणि खुद्द बुढीचं जे नाव लिहिलंय, ते इथं लग्नात ठेवलेलं. तांदळाच्या ताटात अंगठीनं लिहिलेलं. चौदा-पंधरा वर्षं जी पोरगी दुसऱ्याच नावानं हाक आली की ओ देत होती, ती कोण, हे या गावात कोणाला ठाऊक नाही. अख्ख्या गावाची जन्मसालं सांगणारी बाई ही.

आता तिफणवाला बुढा. जन्मभर सालदार. पाडव्याला साल धरायचा, पुढच्या पाडव्याला मोकळा. स्वतःचं गुंठाभर वावर नाही. पण मृगाचा पाऊस पडला की पाटील, देशमुख, सगळे त्याच्या दारात. कारण चाड्यावरची मूठ. नव्या पोरांना सांगतो, तिफण म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार, तिला वर लाकडाची वाटी असते, ते चाडं. त्यात बियाणं मुठीनं सोडायचं, ते नळ्यांतून तासात पडतं. बैल चालताहेत, मागं बाई सरता, म्हणजे तिफणीला बांधलेली पेरायची नळी, धरून तुरीचं तास घालतेय, आणि याच्या बोटांच्या फटीतून दाणा किती पडावा हे बोटांनीच ठरवायचं. चढावर बैल हळू होतो, तिथं मूठ आवळायची. काळ्या जमिनीत एक हिशेब, बरडात दुसरा. तो मातीचा मुटका करायचा, खांद्याच्या उंचीवरून सोडायचा, आणि फुटतो कसा ते बघून सांगायचा, "आज नाही." मालक तणतणायचा. ढग जातील म्हणायचा. हा ढिम्म. म्हणायचा, "पाटील, वावर तुमचं, मूठ माही."

आणि फार बोललं की अर्धं तास सोडून निघून जायचा. हा तास घड्याळातला नव्हे, वावरातला. बैल तिथंच उभे, तिफण तिथंच. संध्याकाळी मालक समजूत घालायला जायचा. असा शांत स्वभाव.

(मागून आवाज: दारू पेत होता म्हणा ना, भाऊ!)

हो, प्यायचा. नमुन्यात तो रकाना आहे, भरलाही असेल, किती वर्षं तेही. बायकोला त्यानं कमी त्रास दिला नाही, हे तिच्या देखत बोलतोय आणि ती मान हलवतेय. हे वगळून त्याचा मी देव करणार नाही. पण ट्रॅक्टरचं पेरणीयंत्र आलं, सोयाबीन आलं, आणि तो पुलाच्या कठड्यावर बसायला लागला. वीस वर्षं बसला. त्या वीस वर्षांत त्याला कोणी विचारलं काय, की बुढेबाबा, तो मुटका कसा बघायचा? मीही नाही विचारलं. मी त्याला विचारलं, "राशन कार्डाला आधार जोडलं काय?"

नागपूरजवळ काटोल रोडला जुनापाणी म्हणून जागा आहे. तिथं मोठाल्या दगडांची वर्तुळं आहेत, तीनशेच्या आसपास. मी नोकरीत असताना मुद्दाम उतरून पाहिली. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी आपल्या विदर्भातल्या माणसांनी मेलेल्यांसाठी रचलेली. अशा वर्तुळांच्या खाली खोदलं तर काय निघतं? लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, घोड्याच्या तोंडातला लगाम. नाव कुठंच नाही, त्यांच्याकडं लिपी नव्हती. पण त्याचं हत्यार त्याच्यासोबत. म्हणून आज आपल्याला एवढं तरी कळतं की हा घोडेवाला होता, हा लोखंडाचं काम जाणणारा होता. आमच्या बुढ्याचं चाडं त्याच्या नातवानं मागच्या होळीत टाकलं. लाकूडच ते.

टेलरकाका गेले, देवळामागच्या मावशी गेल्या, दोन बहिणी आठ दिवसांच्या अंतरानं गेल्या. त्यांच्यावर घरच्यांनी बोलावं, मी वरवरचं बोलून वेळ घालवत नाही.

पण एका पोराबद्दल बोलतो. तुम्हा सर्वांना ठाऊक आहे तो कोण. फाइल वर गेली आहे. मदत १ लाखाची, ३० हजार हातात आणि ७० हजार ठेव. त्याच्या आधी समिती बसते आणि ठरवते, पात्र की अपात्र. जमीन कोणाच्या नावावर, कर्ज कोणत्या बँकेचं, वसुलीचा तगादा होता काय. मी अशा पंचनाम्यांना हजर राहिलोय. गेलेल्या माणसाबद्दल अपात्र हा शब्द वापरताना माझा हात लिहितच होता, थांबला नाही. आता थांबवतो. त्या पोराबद्दल मला एवढंच सांगायचंय की पोळ्याच्या दिवशी तोरणाखाली तो झडत्या, म्हणजे पोळ्यातली टोमण्यांची कवनं, म्हणायला उभा राहिला की कृषी केंद्रवाला हळूच मागं सरकायचा. नेम आपल्यावर आहे हे त्याला ठाऊक. भाव, बियाणं, ग्रामपंचायत, मीसुद्धा, कोणाला सोडलं नाही त्यानं. माझ्यावरची झडती अशी होती की माझी बायको आजही ती म्हणून दाखवते, मी इथं म्हणणार नाही. शेवटी "हर हर महादेव" झालं की अख्खा पोळा हसायचा. यंदा तोरणाखाली ती जागा बराच वेळ रिकामी होती. मग कोणीतरी जुनीच झडती म्हटली, आणि पोळा फुटला. त्याच्या झडत्या लिहून घेतल्या काय कोणी? मोबाइलात होत्या म्हणतात. मोबाइल बदलला.

गाडगेबाबांना कीर्तन चालू असताना मुलगा गेल्याची खबर आली. बाबांनी कीर्तन थांबवलं नाही. म्हणाले, असे गेले कोट्यानुकोटी, काय रडू एकासाठी. ते बाबा होते, त्यांना ते शोभलं. आपण एकासाठीच रडणारी माणसं. आणि रडायचं तर ज्याच्यासाठी रडतोय तो एक कोण, हे तरी नीट ठाऊक पाहिजे.

तेरवी होते, पंगत उठते, स्टँडवरचा श्रद्धांजलीचा फ्लेक्स पुढच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली जातो. म्हणून मी एक दोनशे पानी वही आणलीय, चाळीस रुपयांची. ती वाचनालयात राहील. त्यात "मनमिळाऊ" लिहायचं नाही, एवढा एकच नियम. तेरवीच्या संध्याकाळी घरच्यांनी, शेजाऱ्यांनी, ज्याचं त्याच्याशी भांडण होतं त्यानंसुद्धा यावं आणि सांगावं, काय काम करायचा, कसं करायचा, कशावरून चिडायचा. ज्याला लिहिता येत नाही त्याचं मी लिहून घेईन. लिहायची सवय आहे, रकाने तेवढे माझे राहतील.

पहिल्या पानावर दाईबुढीचं लिहिलंय. वाचतो. "दाई. पंचेचाळीस-पन्नास वर्षं. हात धुवायला राख आणि गरम पाणी. जमत नसेल तर लगेच सांगायची. चहात गूळ, साखर नाही. सुनेशी पटलं नाही, नातसुनेशी पटलं. माहेर नदीपलीकडचं. माहेरचं नाव..."

इथं जागा सोडलीय. नदीपलीकडच्या लेकी या गावात बऱ्याच आहेत, आज बायकांच्या बाजूला बसल्याही आहेत. कोणाच्या आजीनं, मावशीनं कधी तिला त्या जुन्या नावानं हाक मारलेली ऐकली असेल तर पंगत बसायच्या आधी मला येऊन सांगा. मी तिकडं, पाण्याच्या टाक्याजवळ आहे.