सही, शिक्का आणि स्कॅन

पत्रिकेत माझा विषय ‘सर्वांसाठी वेबसाइट : कायदा आणि निकष’ असा छापलाय. कायदा येईल, निकषही येतील. त्याआधी एका जाहिरातीबद्दल बोलतो. ज्यांनी ही गोष्ट माझ्याकडून आधीच ऐकली आहे, त्यांनी खाली जाऊन चहा घेऊन यायला हरकत नाही.

माझा एक मित्र पूर्ण अंध आहे. कोरेगाव पार्कातल्या अंधशाळेत शिकला, पुढे एम.ए. झाला. कॉम्प्युटर माझ्यापेक्षा वेगात चालवतो. स्क्रीन रीडरचा, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्यानं वाचणाऱ्या प्रोग्रामचा, आवाज त्यानं इतका भरधाव ठेवलेला असतो, की शेजारी बसून मला एक शब्द कळत नाही. एनव्हीडीए हा त्याचा स्क्रीन रीडर. मायकेल करन नावाच्या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणानं २००६ साली तो लिहायला घेतला, कारण बाजारात मिळणारे स्क्रीन रीडर महाग होते. आजही तो फुकट मिळतो. फुकट म्हटल्याबरोबर तिघांनी पेन काढलं, म्हणजे मी पुण्यातच आहे. (हशा)

तर, एका संस्थेत भरती निघाली. नाव घेत नाही. मित्रानं साइटवर जाऊन जाहिरातीची पीडीएफ उघडली. आवाज आला : पान रिकामं आहे. पानं चार, चारही रिकामी. त्यानं कार्यालयात फोन लावला.

‘साहेब, जाहिरात वाचता येत नाहीये.’

‘साइटवर टाकलीय की. नीट बघा.’

‘मी अंध आहे.’

‘मग घरातल्या कोणाला तरी दाखवा ना.’

यात दुष्टपणा काही नव्हता हो. माणूस भला होता, त्यानं लगेच व्हॉट्सॲपवर जाहिरात पाठवली. पीडीएफमध्ये होता तोच स्कॅन केलेला फोटो, ज्यात स्क्रीन रीडरला वाचायला मजकूरच नव्हता. खाली लिहिलं होतं, ‘मोठा करून बघा.’ मित्रानं पुन्हा फोन केला आणि वर्डची फाइल मागितली. तीही आली बिचारी. ती कृतिदेवमध्ये. ‘आणि’ हा शब्द आला की स्क्रीन रीडर म्हणायचा, ‘व्ही के एफ डॉट के’. कारण या जुन्या फाँटात मराठी अक्षरं फक्त दिसायला मराठी असतात. आत इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक, त्यांच्यावर आपल्या अक्षरांचे मुखवटे चढवलेले. डोळ्यांना ‘आणि’ दिसतं, यंत्राच्या हाती व्ही आणि के लागतात. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या जागतिक पद्धतीत, देवनागरी १९९१ पासून आहे, तरी अजून कितीतरी टेबलांवर कृतिदेव सुखानं नांदतोय. टंकलेखकाला बोल लावू नका. त्याची बोटं त्या कळफलकावर बसली आहेत, आणि बदला असं त्याला कोणी सांगितलेलं नाही.

शेवटी मीच फोनवर अख्खी जाहिरात वाचून दाखवली. तिसऱ्या पानावर ओळ होती : दिव्यांगांसाठी चार टक्के जागा राखीव. पलीकडून मोठ्यानं हसू आलं.

आता माझं म्हणणं. बाहेर मला वेबसाइटवाले भेटतात, ते म्हणतात, सुगम्यता, म्हणजे साइट दिव्यांगांसकट सगळ्यांना वापरता येणं, हे प्रोग्रामरचं काम. अर्धंच खरं. ही जाहिरात बिघडली कुठे ते बघा. ती कॉम्प्युटरवरच टाइप झाली होती, म्हणजे मजकूर हातात होता. मग प्रिंट काढली, साहेबांनी सही केली, शिक्का मारला, स्कॅन केलं आणि चढवलं. होता तो मजकूर आपणच फेकून दिला आणि त्याचं चित्र जपून ठेवलं! प्रोग्रामरनं साइट कितीही नेटकी बांधली, तरी रोज तिच्यावर फोटोच चढत असतील तर तो काय करणार? मराठी साइटची सुगम्यता पहिल्यांदा आवक-जावकच्या टेबलावर मरते. सूचना लिहायची हौस आपल्या गावाला दांडगी, पण ती समोरच्याला वाचता येते का, ही चौकशी आपण करत नाही.

कोणी म्हणेल, चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर बनवणारा ओसीआर आहे की. आहे, आणि पूर्वीपेक्षा पुष्कळ चांगला आहे. पण तिरका कागद, मजकुरावरच बसलेला जांभळा शिक्का, तक्त्याच्या रेघा... त्यात १ चा ९ झाला आणि शेवटची तारीख चुकली, तर अर्ज कोणाचा बाद होणार?

उपाय बिनखर्चाचा आहे. सही-शिक्क्याची प्रत हवी तर ठेवा, तिच्या शेजारी मूळ मजकूर युनिकोडमध्ये टाका. वर्डमधून पीडीएफ करायची तर थेट करा, प्रिंटरमार्गे नको. शीर्षकं नुसती ठळक न करता शीर्षक म्हणून नोंदवा, म्हणजे ऐकणारा एका मथळ्यावरून दुसऱ्यावर उडी मारू शकतो. डोळस माणूस पान चाळतो तसंच ते.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे. पाच मिनिटं. म्हणजे पत्रिकेतला सगळा विषय आता पाच मिनिटांत.

कायदा. दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, आता एकवीस आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, तेही जुन्या मोजणीनं. सरकारी साइटसाठी मार्गदर्शक सूचना २००९ पासून आहेत. आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. प्रकरण केवायसीचं, म्हणजे बँकेतल्या ओळख-पडताळणीचं होतं. ॲसिड हल्ल्यात डोळ्यांना गंभीर इजा झालेल्या बाईंना बँकेनं ‘पापण्या मिचकावा’ सांगितलं तर त्यांनी काय करायचं?

निकष. साइट सगळ्यांना वापरता यावी म्हणून केलेले, डब्ल्यूसीएजी नावाचे जागतिक निकष, १९९९ पासूनचे, ताजी आवृत्ती २.२, ऑक्टोबर २०२३ ची. सगळे वाचत बसू नका, घरी जाऊन एक करा : माउस काढून ठेवा आणि नुसत्या टॅब व एंटरवर आपल्याच साइटचा फॉर्म भरा. आपण कोणत्या चौकोनात आहोत ते दिसत नसेल, तर कंपवाताचा माणूसही तिथेच अडकतो. त्यालाही माउस धरवत नाही. साध्या मजकुराचा आणि पार्श्वभूमीचा उजेडफरक किमान ४.५ ला १ हवा. पांढऱ्यावर फिकट राखाडी अक्षरं हा डिझायनरांचा लाडका छंद आहे, तो चाळिशी ओलांडलेल्या सगळ्यांनाच छळतो. चित्रात काय आहे ते सांगणारा पर्यायी मजकूर चित्राला द्या, पण ‘आयएमजी ००४७’ असा नको. पानाची भाषा मराठी आहे हे कोडमध्ये सांगा, नाहीतर इंग्रजी आवाज आपल्या जोडाक्षरांची वाट लावतो. व्हिडिओला मथळे, म्हणजे सबटायटल्स. कर्णबधिरांना भाषण ऐकवता येत नाही, वाचवता येतं. कॅप्चावर, म्हणजे ‘तुम्ही माणूसच ना’ असं विचारणाऱ्या त्या वेड्यावाकड्या अक्षरांवर, मी वेगळं व्याख्यान देईन, बोलावलंत तर.

एक राहिलं. ‘एका ओळीचा कोड टाका, साइट सुगम होईल’ असं विकणारे लोक तुमच्याकडेही येतील. कोपऱ्यात चाकाच्या खुर्चीचं चित्र असलेलं एक गोल बटण येतं. ते दाबून अक्षर मोठं होतं, रंग बदलतात. स्कॅन केलेल्या जाहिरातीत मजकूर मात्र उगवत नाही. पैसे देण्याआधी त्यांच्यासमोर आपली एखादी पीडीएफ उघडून बघा. मागच्या रांगेत हात वर दिसतोय, माइक तिकडे द्या.