पापणी लवावी तसं

नमस्कार श्रोतेहो.

डोळ्याची पापणी कधी कधी आपोआप लवते ना, तसं काहीतरी माझ्या ओटीपोटात झालं. बेंबीच्या चार बोटं खाली, किंचित डावीकडे. दुपारची वेळ होती, मी कुशीवर पडून वर्तमानपत्र वाचत होते. दोनदा लवलं आणि थांबलं. मी पान तसंच हातात धरून श्वास रोखला. पुन्हा काही नाही. गॅस असेल, असं मनाशी म्हटलं आणि वाचायला लागले. पुढचा आठवडाभर मी त्याला गॅसच समजत होते. माझी ती लेक आता मोठी झाली आहे, पण तिची पहिली हाक मला ओळखता आली नाही, ही चुटपुट अजून मनात आहे.

म्हणून आज त्या पहिल्या हालचालीबद्दल बोलायचं आहे. पोटात बाळ पहिल्यांदा हलतं तेव्हा काय होतं, ते कसं ओळखायचं आणि ओळखल्यावर त्या जाणिवेचं काय करायचं, याबद्दल. ज्यांना दिवस गेलेत त्यांच्यासाठी तर हे आहेच, पण त्यांच्या शेजारी बसून ऐकणाऱ्या घरच्यांनीही ऐकावं अशी माझी मनापासून इच्छा आहे.

मला ओळखता आलं नाही याचं एक कारण म्हणजे, सगळे सांगतात ‘बाळ लाथ मारतं’. पहिलटकरीण बिचारी त्या लाथेची वाट पाहत बसते. लाथ यायला बराच अवकाश असतो. विसाव्या आठवड्यात बाळाचं वजन असतं साधारण ३०० ग्रॅम. एवढ्याशा जिवाची, तीही पाण्यात तरंगताना मारलेली लाथ आपल्यापर्यंत पोचते ती टिचकीसारखी. कुणी म्हणतं बुडबुडा फुटल्यासारखं वाटलं, कुणी म्हणतं मासोळी सुळकन वळल्यासारखं, कुणाला नुसती गुदगुली वाटते. मला पापणी लवल्यासारखं वाटलं. हे सगळं खरं असतं, आणि यातलं काहीच न वाटता थेट ढुशीच जाणवली तरी तेही खरंच.

मग गॅस कोणता आणि बाळ कोणतं? मला पुढे उमगलेली खूण सांगते. गॅस सरकतो, पोटात गुडगुडतं आणि मग मोकळं वाटतं. बाळाची टिचकी एका जागी येते आणि थोड्या वेळाने तिथेच, तशीच पुन्हा येते. आपण चालत-फिरत असताना नसते, पाठ टेकली की येते. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्याच सुमाराला पुन्हा आली, की मग शंका उरत नाही.

केव्हा येते, हा पुढचा प्रश्न. गर्भारपणाचे आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, हे आधी लक्षात ठेवूया, कारण इथे बऱ्याच जणींचा हिशेब चुकतो. त्या हिशेबाने पहिल्या खेपेला साधारण १८ ते २० आठवड्यांच्या दरम्यान, कधी त्यानंतरही, हालचाल कळते. दुसऱ्या खेपेला १६व्या आठवड्याच्या सुमारासही कळू शकते. याचा अर्थ दुसरं बाळ जास्त दांडगं असतं असा नाही. आईला ओळख पटलेली असते, एवढंच.

वारेच्या, म्हणजे प्लासेंटाच्या, जागेनेही फरक पडतो. वार गर्भाशयाच्या पुढच्या बाजूला, म्हणजे पोटाच्या बाजूने असेल, तर बाळ आणि आपलं पोट यांच्या मधोमध ती उशीसारखी येते. मग टिचकी बोथट होते आणि उशिरा कळते. सोनोग्राफीच्या कागदावर ‘अँटिरिअर’ असा शब्द असतो, तो हाच. माझं पहिल्या वेळी असंच होतं. बरोबरीच्या मैत्रिणीला कधीचं कळायला लागलं होतं आणि मी रोज रात्री पोटावर हात ठेवून झोपायची. त्या दिवसांत मनात काय काय येतं, ते मला माहीत आहे. कुणाला १७व्या आठवड्यात कळलं म्हणून आपल्यालाही तेव्हाच कळायला हवं, असं अजिबात नाही. मात्र २४ आठवडे झाले आणि तोवर एकदाही काही जाणवलं नाही, तर डॉक्टरांना सांगायचं. घाबरून नाही, पण सांगायचं नक्की.

आता मला जे कळलं तेव्हा अंगावर काटा आला होता, ते सांगते. आपल्याला पहिली टिचकी कळते तेव्हा बाळ पहिल्यांदा हललेलं नसतंच. ते कित्येक आठवडे आधीपासून हलत असतं. नेदरलंड्समधल्या ग्रोनिंगन इथल्या संशोधकांनी १९८२ साली सोनोग्राफीने हे बारकाईने पाहून लिहून ठेवलं. सातव्या-आठव्या आठवड्यात, बाळ दीडएक सेंटिमीटरचं असताना, त्याची पहिली वळवळ दिसते. मग ते दचकतं, त्याला उचकी लागते, हात चेहऱ्याकडे जातो, जांभईसुद्धा येते. हे सगळं पंधराव्या आठवड्याच्या आत! आईला यातलं काहीही कळत नाही, कारण बाळ फार लहान आणि भोवती गर्भजल भरपूर. धक्का भिंतीपर्यंत जोराने पोचतच नाही. मी ओकाऱ्यांनी बेजार होऊन पलंगावर पडून होते, तेव्हा आत कुणीतरी जांभई देत होतं, हे मला फार उशिरा कळलं.

आणि ती वळवळ उगाच नसते. हातपाय हलतात म्हणून सांधे नीट मोकळे घडतात, हाडं आणि स्नायू बळकट होतात. बाळ आत श्वास घेतल्यासारखी छातीही हलवतं. तिथे हवा नसते, फुप्फुसांत असतं पाणीच, पण त्या सरावानेच फुप्फुसं वाढतात. ज्या बाळांना काही कारणाने पोटात हलताच येत नाही, त्यांचे सांधे जन्मतः आखडलेले असू शकतात. हलणं हा वाढण्याचाच भाग आहे.

सोनोग्राफी यायच्या आधीच्या काळाचा विचार करा. इयन डोनाल्ड या ग्लासगोच्या डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ध्वनिलहरींनी पोटातलं बाळ पाहता येतं, हे १९५८ साली लिहून प्रसिद्ध केलं. त्याच्या आधी हजारो वर्षं, आत जीव आहे हे बाईला खात्रीने कळायचं ते मुख्यतः या टिचकीने. पाळी चुकली तर त्याला दहा कारणं असू शकतात, पण बाळ हललं की मग प्रश्न मिटला. जुन्या इंग्लंडच्या कायद्यात तर फाशीची शिक्षा झालेल्या बाईने आपण गरोदर असल्याचं सांगितलं, की न्यायालय बायकांचंच एक पंचमंडळ नेमायचं. पोटातलं बाळ हलायला लागलंय का, एवढं त्यांनी पाहून सांगायचं. हलत असेल तर बाळ जन्मेपर्यंत फाशी थांबायची. ही पद्धत १९३१ साली बंद झाली.

आपल्या भाषेतही याची एक जुनी आठवण आहे. सुश्रुतसंहितेत म्हटलंय की चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय प्रकट होतं, म्हणून त्या बाईला दोन हृदयांची, ‘दौहृदिनी’ म्हणायचं. तिच्या इच्छा या एकटीच्या नाहीत, आतल्या हृदयाच्याही आहेत. ‘दोहद’ आणि आपला ‘डोहाळे’ हे शब्द याच घराण्यातले. डोहाळे हा शब्द आपण किती सहज वापरतो, आणि त्याच्या पोटात दोन हृदयं आहेत!

हे सगळं सांगण्यामागे माझं एक म्हणणं आहे. तोवरचे चार-साडेचार महिने आपल्याला दुसरे सांगत असतात. तपासणीची पट्टी सांगते दिवस गेलेत, मशीन सांगतं ठोके आहेत, डॉक्टर सांगतात वाढ चांगली आहे. आपण ऐकणाऱ्या. पहिल्या हालचालीपासून हे उलटतं. आता आत काय चाललंय ते चोवीस तास ठाऊक असणारं एकच माणूस असतं, आणि ते म्हणजे आपण. आता आपण सांगायचं आणि इतरांनी ऐकायचं. दुर्दैवाने दोन्ही बाजूंनी कमी पडतं. बाई सांगायला कचरते आणि ऐकणारा ‘असं होतंच’ म्हणून मोकळा होतो.

माझ्या दुसऱ्या वेळचं सांगते. तेहेतिसावा आठवडा होता. मुलगा पोटात रोज रात्री नवाच्या सुमाराला जागा व्हायचा आणि अर्धा-पाऊण तास नुसता धुमाकूळ घालायचा. उजव्या बरगडीखाली पाय आणि खाली डाव्या बाजूला बहुतेक हात, असा त्याचा नकाशा मला पाठ झाला होता. एका रात्री नऊ वाजले, दहा वाजले, काही नाही. अधूनमधून जरासं काही सरकल्यासारखं वाटायचं, तेवढंच. जिथे नाव नोंदवलं होतं तिथे फोन केला. पलीकडून उत्तर आलं, ‘शेवटी शेवटी बाळ कमीच हलतं, जागा नसते. काहीतरी गोड खा आणि झोपा.’ मी गोड खाल्लं. झोप कसली येते! पहाटेपर्यंत हात पोटावरच होता.

सकाळी गेले. पोटाला दोन पट्टे बांधले, कागदाची पट्टी सरकायला लागली. ठोके मिनिटाला एकशे चाळीसच्या आसपास. दहा मिनिटांनी त्याने पाय झाडला, आणि पट्टीवरची रेघ वर चढून पुन्हा खाली आली. बाळ हललं की त्याचे ठोके असे थोडा वेळ वाढतात, ते चांगलं लक्षण असतं, असं तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला समजावलं. तो खुशाल होता. मग त्या म्हणाल्या, ‘पण तुम्ही रात्रीच यायला हवं होतं.’

त्यांचं म्हणणं मी आज तुमच्यापर्यंत पोचवते आहे. शेवटच्या दिवसांत बाळ कमी हलतं, हा समज चुकीचा आहे. हालचाली साधारण ३२व्या आठवड्यापर्यंत वाढत जातात आणि पुढे बाळंतपणापर्यंत तशाच राहतात. बदलते ती तऱ्हा. टिचक्या आणि लाथा कमी होतात, कूस बदलणं, रेटणं, एखादं कोपर पोटावरून सरकत जाणं, असं होतं. पण बाळ शांत होत नाही. वारेतून प्राणवायू पुरेसा मिळेनासा झाला, तर बाळ हृदयासाठी आणि मेंदूसाठी तो राखून ठेवतं आणि हातपाय हलवणं आवरतं घेतं. म्हणून हालचाल मंदावणं हा कधी कधी त्याचा निरोप असतो. पुष्कळदा तपासलं की सगळं ठीकच निघतं. तसं निघालं तर आनंदाने घरी यायचं आणि पुन्हा शंका आली तर पुन्हा जायचं. दुसऱ्यांदा जाताना लाज वाटून घ्यायची नाही.

किती हललं म्हणजे पुरे? याचा एक आकडा सगळ्यांना लागू होत नाही. डॉक्टर मोजायला सांगतात तेव्हा एक पद्धत अशी असते: डाव्या कुशीवर शांत पडायचं आणि दोन तासांत दहा हालचाली होतात का ते पाहायचं. बाळ मध्ये झोपतंही, वीस ते चाळीस मिनिटं. दीड तासाच्या वर सहसा नाही. उचक्या मोजायच्या नाहीत, त्या घड्याळासारख्या ठेक्यात येतात, लगेच ओळखू येतात. पण मला आकड्यापेक्षा आपल्या बाळाची रीत महत्त्वाची वाटते. अठ्ठाविसाव्या आठवड्याच्या सुमाराला ती रीत कळायला लागते. कुणाचं बाळ सकाळी उठतं, कुणाचं रात्री. ती रीत मोडली, तर सकाळची वाट पाहायची नाही. घरी ठोके ऐकायचं छोटं यंत्र मिळतं, त्यावर ठोके ऐकू आले म्हणून थांबायचंही नाही. ठोके असणं आणि बाळ बरं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणखी एक सांगायचं राहिलं. पहिली हालचाल कळली आणि डोळ्यांत पाणी आलं नाही, उलट जरा भीती वाटली किंवा विचित्र वाटलं, तर मनाला लावून घेऊ नका. आपल्या आत दुसरं कुणीतरी आपल्या मर्जीशिवाय हलतंय, ही गोष्ट पचायला वेळ लागतो. आधी एखादं बाळ गमावलेल्या बाईला तर आनंद आणि धास्ती एकदमच येतात. माझ्या एका मैत्रिणीने पहिली टिचकी दोन आठवडे कुणालाच सांगितली नव्हती.

बाळाच्या बाबांसाठी एवढंच, की तुम्ही हात ठेवलात आणि बाळ गप्प झालं, तर हिरमुसू नका. बाहेरून हाताला कळायला आणखी काही आठवडे लागतात. आमच्याकडे रोज हात ठेवायचा आणि रोज रिकामा उचलायचा, असं बरेच दिवस चाललं. मग एका रात्री यांचा हात पोटावर आणि डोळे पेंगुळलेले असताना तळव्याच्या मधोमध आतून ठक्क झालं. यांनी हात भाजल्यासारखा मागे घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि हळूच पुन्हा तिथेच ठेवला.

श्रोतेहो, दिवसभराच्या धावपळीत आपलं चालणं बाळाला झुलवत असतं आणि आपलंही लक्ष दुसरीकडे असतं. म्हणून ज्यांचा पाचवा महिना चालू आहे, त्यांनी हे भाषण संपलं की रेडिओ बंद करा, डाव्या कुशीवर व्हा, पोटाखाली एक उशी घ्या आणि हात सैल सोडून थोडा वेळ काहीच करू नका.

नमस्कार.