धंदा सुरू करून वर्षच झालंय, होम लोन मिळेल का?

नमस्कार मंडळी! आपल्या मालवण-कुडाळकडची बरीच पोरं हल्ली मुंबईची नोकरी सोडून गावात आपलं काहीतरी चालू करतायत, आणि वर्षभरात घराचा विषय निघतोच. लोन मिळतं हो, पण बहुतेक बँका दोन ते तीन वर्षांचे आयटीआर (इन्कम टॅक्स रिटर्न) मागतात, त्यामुळे थोडं थांबावं लागतं. खरी गाडी अडते ती आयटीआरमध्ये आकडा काय टाकलाय तिथे.

समजा तुमचं एसी-फ्रिज रिपेरिंग आहे, तारकर्लीच्या होमस्टेंची कामं धरून वर्षाचं बिलिंग 12 लाख, सगळं यूपीआयवर. इन्कम टॅक्सच्या 44 एडी कलमात, म्हणजे छोट्या धंद्यांना अंदाजे नफा दाखवायची जी सोय आहे त्यात, अशा पैशावर कमीत कमी 6 टक्के नफा दाखवला की भागतं, म्हणून कोणीतरी शहाणा सांगतो, 72 हजार टाक नि मोकळा हो. आता बँकवाला काय वाचणार? महिन्याला 6 हजार कमावणारा माणूस! आणि 20 लाखांच्या लोनचा महिन्याचा हप्ता, साडेआठ टक्के, 20 वर्षं, बसतो 17 हजारांच्या वर. फाइल तिथेच झोपली.

अहो, गॅस, पार्ट, पेट्रोल, हेल्परचा पगार जाऊन खरे 5 लाख उरत असतील तर 5 लाखच दाखवा ना, 6 टक्के ही खालची मर्यादा आहे, जास्त दाखवायला कोणाची ना नाही. आणि 2025-26 पासून नवीन टॅक्स रिजीममध्ये 12 लाखांपर्यंतच्या अशा कमाईवर टॅक्सच शून्य आहे, मग लपवून वाचवताय काय?

मे महिन्यात रोख येते ती घरात ठेवू नका, खात्यात भरा. पावसात धंदा थंड असतो हे बँकेलाही कळतं, पण सीझनमध्येही खातं कोरडं दिसलं तर समजावणार कसं? उद्यम रजिस्ट्रेशन, म्हणजे छोट्या धंद्याची सरकारी नोंदणी, फुकट होतं, ते लगेच करून टाका. बायको झेडपीत शिक्षिका वगैरे असेल तर तिला को-ॲप्लिकंट घ्या, पगाराची स्लिप बघून बँकेचा चेहराच बदलतो.

30 लाखांपर्यंतच्या लोनला किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत मिळू शकतात, बाकीचे आणि स्टॅम्प ड्युटी आपल्या खिशातून.

आणि वडिलोपार्जित जागेत बांधणार असाल तर आधी सातबारा काढा. त्यावर चुलते, आत्या, मुंबईचे चुलतभाऊ मिळून पंधरा नावं असतील तर आयटीआर कितीही चांगला असू दे, बँक आधी वाटणी करून या म्हणणार.