पणजी राजधानी कशी झाली

श्रोतेहो, नमस्कार. राजधानीचे शहर म्हटले की एखाद्या राजाने मुहूर्त पाहून पहिली कुदळ मारली आणि नगर वसवले, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. पणजीच्या बाबतीत असे काहीच घडले नाही. तिला राजधानी म्हणून कोणी वसवले नाही, उलट ती राजधानी होऊ नये यासाठी पोर्तुगीज सरकारने बरीच खटपट केली. ती कशी फसत गेली, ते मला आज आपल्याला सांगायचे आहे.

पणजीचे नाव मात्र जुने आहे. १२व्या शतकाच्या आरंभीच्या एका कदंबकालीन लेखात ‘पहजनीखळी’ असा तिचा उल्लेख येतो. पुढे कित्येक शतके ती ताळगावातला एक वाडा म्हणूनच ओळखली जात होती. एका अंगाला मांडवी, दुसऱ्या अंगाला टेकडी आणि मध्ये वाळूचे ढिगारे, माडांची बागायत, खाजने व दलदल, असे तिचे रूप होते. १५०० च्या सुमारास यूसुफ आदिलशहाने नदीकाठी तटबंदीचा वाडा बांधला, तो नदीच्या तोंडातून आत येणाऱ्या गलबतांवर नजर ठेवण्यासाठी. फेब्रुवारी १५१० मध्ये पोर्तुगीज सेनानी अफोन्सो द आल्बुकर्क याच्या सैन्याने प्रथम हाच कोट घेतला आणि मग ते वरच्या अंगाच्या गोवा शहराकडे वळले. आदिलशहाने ते शहर परत मिळवले, पण २५ नोव्हेंबर १५१० रोजी ते पोर्तुगीजांच्या हाती कायमचे गेले.

हे गोवा शहर, म्हणजे आजचे जुने गोवे, पणजीपासून सुमारे १० किलोमीटरवर आहे. ज्याने गोवा पाहिला त्याला लिस्बन पाहण्याची गरज नाही, असे पोर्तुगीज तेव्हा अभिमानाने म्हणत. या वैभवात पणजीचा वाटा देवडीचा होता. लिस्बनहून येणारा नवा व्हाइसरॉय आदिलशहाच्या वाड्यात उतरे आणि अधिकारग्रहणासाठी शहरात जाई. १६३३-३४ मध्ये व्हाइसरॉय कोंद द लिन्यारिश याने पणजी आणि रायबंदर यांच्यामधल्या मिठागरांतून आणि दलदलीतून सुमारे ३ किलोमीटर लांबीचा दगडी सेतू बांधला. पणजीहून जुन्या गोव्याला जाणारी वाहने आजही त्यावरून धावतात, आणि आपण पुलावरून जात आहोत हे बहुतेकांच्या लक्षातही येत नाही.

जुन्या गोव्याला जडलेला रोग त्या शहराच्या जमिनीतच होता. सच्छिद्र जमिनीतून सांडपाणी विहिरींत झिरपत असे आणि पटकी व तापाच्या साथी पुन्हा पुन्हा येत. त्यात नोव्हेंबर १६८३ मध्ये छत्रपती संभाजी महाराजांच्या फौजेने जुवे बेटावरचा किल्ला घेतला. शहराच्या उंबरठ्यावर मराठे आले होते आणि त्यांच्यावर चालून गेलेला व्हाइसरॉय कोंद द आल्व्होर जखमी होऊन परतला. मोगलांचे सैन्य कोकणात उतरल्यामुळे महाराजांना माघारी वळावे लागले, पण या धसक्यानंतर राजधानी मुरगावला हलवण्याचे ठरले. समुद्रात घुसलेल्या त्या भूशिरावर तटबंदी आणि इमारती उभ्या राहू लागल्या. ती योजना तडीस गेली असती तर आज पणजीविषयी बोलण्याचे कारणच उरले नसते. पण काम रेंगाळले आणि शेवटी बारगळले.

दरम्यान राज्यकर्तेच एकेक पाऊल पश्चिमेला सरकत होते. १६९५ मध्ये व्हाइसरॉय शहराला लागून असलेल्या पणेली येथे राहायला गेला. १७५९ मध्ये साथीला कंटाळून व्हाइसरॉय कोंद द एगा थेट पणजीला आला आणि आदिलशहाचा वाडा डागडुजी करून त्याने आपले निवासस्थान केले. तरीही लिस्बनचा आग्रह सुटला नाही. पोर्तुगालचा सर्वाधिकारी मंत्री मार्केश द पोंबाल याने जुने शहर पुन्हा उभारण्याचा हुकूम सोडला. साफसफाई सुरू झाली, राबायला आणलेली माणसे तापाने मरू लागली, १७७७ मध्ये स्वतः पोंबालची सत्ता गेली आणि तो बेतही तिथेच संपला. लिस्बनमध्ये बसून नकाशावर रेघा मारणाऱ्यांना मांडवीकाठच्या विहिरींचे पाणी प्यावे लागत नव्हते, एवढेच मी म्हणेन.

पणजीला शहराचा घाट दिला तो १८२६ ते १८३५ या काळात कारभार पाहणाऱ्या दों मानुएल द पुर्तुगाल इ काश्त्रो याने. त्याने वाळूचे ढिगारे सपाट केले, दलदल भरून काढली, सरळ रस्ते आखले आणि सैन्यासाठी मोठी बराक बांधली. टेकडीच्या पायथ्याचे फोंताइन्हास हे पणजीतले मोहल्ल्यासारखे वस्तीस्थान त्याआधीचे. मोझांबिकमध्ये पैसा मिळवून परतलेल्या एका गोमंतकीयाच्या माडांच्या बागायतीत ते वाढले. त्याचे नाव तेथील झऱ्यावरून पडले आहे.

जुन्या शहराचे सामानसुमानही या नव्या वस्तीकडे वाहत आले. व्हाइसरॉयच्या पडक्या वाड्याचे दगड पणजीच्या इमारतींना लागले. १८३५ मध्ये धार्मिक संघांवर बंदी आल्यावर ऑगस्टिनियनांचा मठ ओस पडला. त्याची प्रचंड घंटा आधी आग्वादच्या दीपगृहात गेली आणि १८७१ मध्ये पणजीच्या चर्चवर चढली. आज ती जिन्यांच्या त्या शुभ्र चर्चवर लोंबते, आणि ज्या मठासाठी ती ओतली गेली त्याच्या मनोऱ्याचा फक्त एक भग्न भाग जुन्या गोव्यात उभा आहे.

१८४३ च्या राजाज्ञेने अखेर पणजी राजधानी झाली, म्हणजे व्हाइसरॉय राहायला आल्यावर ८४ वर्षांनी! तिला ‘नोव्हा गोवा’, म्हणजे नवा गोवा, असे नाव मिळाले आणि त्या नावाखाली पणजी, रायबंदर व जुने गोवे ही तिन्ही एकत्र धरली गेली. कागदावर तरी जुने शहर सोडवत नव्हते. लोकांच्या तोंडी मात्र पणजी हेच नाव राहिले.

१९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि पणजी केंद्रशासित प्रदेशाची राजधानी झाली. तिचे हे पद आणखी एकदा पणाला लागले, ते १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात. महाराष्ट्रात विलीन व्हावे, असे म्हणणारी १,३८,१७० मते पडली आणि वेगळे राहावे, असे म्हणणारी १,७२,१९१. हे ३४,०२१ मतांचे अंतर उलट्या बाजूला पडते तर पणजी महाराष्ट्रातले एक जिल्ह्याचे ठिकाण ठरली असती. ३० मे १९८७ रोजी गोव्याला घटकराज्याचा दर्जा मिळाला आणि पणजी राज्याची राजधानी झाली.

आदिलशहाच्या त्याच वाड्यात मुक्तीनंतर सचिवालय होते आणि विधानसभाही तिथेच भरत असे. २००० मध्ये विधानसभेची नवी वास्तू उभी राहिली ती मांडवीच्या पलीकडे, पर्वरीच्या पठारावर. त्यामुळे राजधानी पणजी असली, तरी अधिवेशनाच्या दिवशी आमदारांच्या गाड्या पूल ओलांडून बार्देश तालुक्यात जातात. नमस्कार.