दर दोन तासांनी

(पडदा काळा. फक्त आवाज: खाटेची कुरकुर, कापडी पडदा सरकल्याचा आवाज.)

“काका, आता तुम्हाला डाव्या कुशीवर वळवतेय हं. घाबरायचं नाही.”

काका काही बोलत नाहीत. गेले नऊ दिवस ते बोललेलेच नाहीत. तरी सिस्टर आधी सांगतात, मगच हात लावतात.

(दृश्य: मुंबईतल्या एका महापालिका रुग्णालयाचा न्यूरो वॉर्ड. पहाटेचे ५.४०. दोन सिस्टर, खाटेच्या दोन बाजूंना.)

काकांच्या अंगाखाली एक आडवी चादर आहे, ड्रॉशीट. खांद्यापासून मांडीपर्यंत पुरेल एवढी. दोघी तिच्या कडा गुंडाळून मुठीत धरतात. एक, दोन, तीन. माणूस आधी उचलला जातो, मग सरकतो. फरपटत नेलं तर चादरीच्या घर्षणानंच कातडी सोलवटते. आता नीट बघा. डाव्या कुशीवर वळवायचं आहे, पण सिस्टर काकांचा उजवा हात धरून ओढत नाहीत. ती लकव्याची बाजू आहे. तिथले स्नायू सैल पडलेत, हात ओढला तर खांद्याचा सांधा निसटतो आणि पुढे व्यायाम करायची वेळ येते तेव्हा माणूस दुखण्यानंच हात उचलत नाही. म्हणून त्यांचा तळवा खांद्याच्या पात्याखाली जातो, दुसरा खुब्याखाली. पाठीला एक उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये एक, लुळ्या हाताखाली एक.

सगळं मिळून साडेचार मिनिटं लागली. हा शॉट आम्ही कुठेही कापलेला नाही.

(दृश्य: टाच, अगदी जवळून. हातमोजा घातलेलं बोट टाचेवर दाबलं जातं, सुटतं.)

आपण झोपेत कितीदा कूस बदलतो, आपल्याला ठाऊक नसतं. एका जागी भार पडला, रक्त अडलं, की कातडी तक्रार करते आणि मेंदू आपल्याला न उठवताच अंग हलवतो. पक्षाघात, डोक्याला मार, मणक्याला इजा, यात ही तक्रार वर पोचत नाही, किंवा पोचली तरी खाली हुकूम येत नाही. हाड आणि गादी यांच्यामध्ये चिमटलेल्या बारीक रक्तवाहिन्या तशाच चिमटलेल्या राहतात. माकडहाड, टाचा, खुबे, घोटे, कोपरं, डोक्याची मागची बाजू, आणि कुणाच्या लक्षात येत नाही ती कानाची पाळी.

बोट दाबून सोडलं की लाल जागा पांढरी पडून पुन्हा लाल व्हायला हवी. पांढरी पडलीच नाही, तर बेडसोरची, म्हणजे एकाच जागी भार पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात झाली असं समजायचं. तिथे पावडर लावून चोळायचं नाही. घरचे मायेनं नेमकं तेच करतात. त्या जागेवरचा भार काढायचा, बस. चादरीची एक सुरकुती, बिस्किटाचा चुरा, मांडीखाली दबलेली कॅथेटरची, म्हणजे लघवीची, नळी, एवढंसुद्धा पुरतं. सिस्टर पेशंटला वळवून झाल्यावर चादरीवरून उघडा तळवा फिरवतात, तो याच्यासाठी.

(दृश्य: भिंतीवरचं घड्याळ. मग वॉर्डचा लांबचा शॉट.)

आठ वाजता पुन्हा, आणि दहाला पुन्हा. भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन पेशंटमागे एक परिचारिका हवी. या फ्रेममध्ये खाटा किती आणि पांढरे गणवेश किती, ते प्रेक्षकांनी मोजावं. शॉट बारा सेकंद ठेवला आहे.

(दृश्य: टॉर्चचा प्रकाश, डोळ्याची बाहुली आक्रसते.)

“डोळे उघडा. काका, माझा हात दाबा. दाबा जोरात. तुमचं नाव सांगा.”

दर तासाला हेच तीन प्रश्न. १९७४ साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात ग्रॅहॅम टीसडेल आणि ब्रायन जेनेट या दोन न्यूरोसर्जननी शुद्धीचं मोजमाप आकड्यांत बसवलं. त्याआधी एका डॉक्टरांचं ‘गुंगीत’ आणि दुसऱ्याचं ‘अर्धवट बेशुद्ध’ यांचा मेळ बसत नसे. डोळे उघडण्याचे जास्तीत जास्त ४ गुण, बोलण्याचे ५, हालचालीचे ६. पूर्ण जागा माणूस १५. काहीच प्रतिसाद नसेल तरी ३. या मोजपट्टीत शून्य नाही.

(दृश्य: नोंदींचा तक्ता. निळ्या शाईतले आकडे. कॅमेरा एका ओळीवर थांबतो.)

हा तक्ता दुसऱ्या एका पेशंटचा. त्या रात्री आम्ही शूटिंगला नव्हतो. आमच्याकडे फक्त हा कागद आहे. १.०० वाजता १३. २.०० वाजता १३. २.३० वाजता ११, उजवी बाहुली मोठी, प्रकाशाला मंद. २.३२, डॉक्टरांना कळवले.

अडीचची तपासणी तक्त्यात ठरलेली नव्हती. ती का केली, असं विचारलं तेव्हा सिस्टर म्हणाल्या, “मगापेक्षा गप्प वाटले.” स्कॅन झाला, ऑपरेशन झालं, पेशंट पुढच्या महिन्यात घरी गेला.

(दृश्य: नाकातून गेलेली नळी. हातात उंच धरलेली मोठी सिरिंज, त्यातून पातळ पेज हळूहळू उतरते.)

राइल्स ट्यूब, नाकातून पोटात जाणारी. खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर. आधी नळी जागेवर आहे ना याची खात्री, मग फीड. सिरिंजचा दट्ट्या दाबायचा नाही, पेज आपल्या वजनानं उतरू द्यायची. शेवटी पाणी. त्यानंतरचा अर्धा तास खाट आडवी करायची नाही, कितीही गडबड असली तरी.

आणि मग तो चहा. न्यूरो वॉर्डात काम केलेली प्रत्येक सिस्टर ही गोष्ट सांगते. भेटायच्या वेळेत आई येते, बायको येते. पेशंट जरा डोळे उघडू लागलाय, ओठ कोरडे पडलेत. कुणाचं लक्ष नाही असं बघून थर्मासच्या झाकणातून दोन घोट तोंडात. चव तरी येईल म्हणून. पक्षाघातात गिळण्याचे स्नायूही अडखळतात. चहा अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरतो आणि कधी कधी साधा ठसकाही लागत नाही. दोन दिवसांनी ताप, मग न्यूमोनिया.

म्हणून तोंडातून काहीही द्यायच्या आधी ही परीक्षा असते, बघा. पेशंट ताठ बसलेला. एक चमचा पाणी. सिस्टरची दोन बोटं गळ्याच्या घाटीवर, ती वर उचलली जाते का हे चाचपणारी. मग त्या म्हणतात, “आ म्हणा.” आवाज ओला, घोगरा आला तर आज नाही.

(दृश्य: सतरा-अठरा वर्षांचा मुलगा, “आ” म्हणतो. स्वच्छ. सिस्टर हसते. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: परळ. सकाळची गर्दी. के.ई.एम. रुग्णालयाची दगडी इमारत, बाहेरून.)

मुंबईत या कामाबद्दल बोलायचं तर परळला यावंच लागतं. १९२६ साली सुरू झालेलं हे रुग्णालय. इथे उत्तर कन्नडमधल्या हळदीपूरहून आलेली एक तरुण परिचारिका काम करत होती. अरुणा शानभाग. २७ नोव्हेंबर १९७३ ला याच आवारात, ड्युटी संपवून निघताना, रुग्णालयातल्याच एका सफाई कामगारानं तिच्यावर हल्ला केला. कुत्र्याच्या साखळीनं गळा आवळला गेला आणि मेंदूला जाणारा प्राणवायू तुटला. मुंबईच्या परिचारिका संपावर गेल्या. सुरक्षितता मागत होत्या.

त्यानंतर अरुणा शुद्धीवर अशी आलीच नाही. वॉर्ड क्रमांक ४ ला लागून असलेल्या खोलीत ती राहिली. जवळजवळ बेचाळीस वर्षं.

ती वर्षं कशी गेली असतील, ते आत्ता आपण जे बघितलं त्यावरून मोजता येईल. दर दोन तासांनी कूस, म्हणजे दिवसाला १२ वेळा. वर्षाला ४,३८०. १९७३ ते २०१५ धरलं तर पावणेदोन लाखांच्या पुढे. तोंड पुसणं, दात, नखं, केस, आंघोळ, पाळीच्या दिवसांतलं सगळं, ते वेगळंच. तिला मासे आणि चिकनचं सूप आवडतं हे परिचारिकांना तिच्या चेहऱ्यावरून कळायचं. कित्येक वर्षं तिला तोंडानंच भरवलं. २०१० मध्ये मलेरिया झाला, खाणं सुटलं, तेव्हा नळी घालावी लागली. ज्यांनी तिला चालता-बोलताना पाहिलं होतं त्या निवृत्त झाल्या, त्यांच्या हाताखाली शिकलेल्याही निवृत्त झाल्या, आणि १९७३ नंतर जन्मलेल्या मुलींनी तिची ओव्हर घेतली, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटबद्दल जे सांगून सोपवतात ते. १ जूनला तिचा वाढदिवस करायचा, ही गोष्टही त्या ओव्हरमध्येच आली.

या सगळ्या काळात तिला बेडसोर झाला नाही. एकदाही नाही.

सर्वोच्च न्यायालयानं तिला तपासायला तीन डॉक्टर पाठवले होते. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयानं तिचं जगणं थांबवण्याची विनंती नाकारली, आणि के.ई.एम.च्या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. त्याच निकालानं पुढे देशात निष्क्रिय इच्छामरणाची, म्हणजे उपचार थांबवून मरण येऊ देण्याची, वाट काही अटींवर उघडली. त्या वादावर वर्तमानपत्रांत खूप छापून आलं. कूस कशी बदलायची यावर फारच थोडं. त्यागाचे, ममतेचे शब्द त्या वेळी भरपूर वापरले गेले. ते खोटे नव्हते. पण माया असलेल्या घरांतही बेडसोर होतात. त्या खोलीत माया होती आणि हात शिकलेले होते.

१८ मे २०१५ ला न्यूमोनियानं अरुणा गेली.

(दृश्य: बंद खिडकी. पाच सेकंद. इथे निवेदन नाही.)

(दृश्य: पुन्हा वॉर्ड. गडबड. पडदे ओढले जातात, कॅमेरा बाहेरच थांबतो. आवाज ऐकू येतात.)

आत एका बाईंना फिट आली आहे. कॅमेरा आत नेलेला नाही. सिस्टरचा आवाज मात्र ऐका: “कुशीवर घ्या. तोंडात काही घालू नका. वेळ बघा कोणीतरी.” लाळ बाहेर वाहून जावी, जीभ मागे पडू नये म्हणून कुशीवर. चमचा नको, कांदा नको, चप्पल तर नकोच. किती मिनिटं चालली आणि आधी कोणता हात झटकला, हे सिस्टर नंतर लिहितात. त्यावरून डॉक्टरांना मेंदूतली जागा शोधता येते.

(दृश्य: लालबाग. चाळीचा जिना, वर जाताना.)

दहा बाय बाराची खोली. इथले गृहस्थ टॅक्सी चालवायचे. सात आठवड्यांपूर्वी पक्षाघात झाला, उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. वॉर्डातून डिस्चार्ज मिळायच्या आधी चार दिवस इनचार्ज सिस्टरनी त्यांच्या पत्नीला रोज दुपारी बोलावून शिकवलं. आधी दाखवलं, मग त्यांच्याकडून करून घेतलं, चुकलं तिथे हात धरून दुरुस्त केलं. हे शिकवणं कुठल्याच तक्त्यात लिहिलं जात नाही.

आता बघा. खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली चार विटा. ड्रॉशीट म्हणून दुहेरी दुमडलेलं जुनं सुती लुगडं, सासूबाईंचं. उशा तीनच आहेत, चौथीच्या जागी गोधडीची गुंडाळी. दाराच्या मागे कॅलेंडर, आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर बारावीतल्या मुलीनं रेघा मारून केलेला तक्ता: वेळ, डावी, उजवी, पाठ. दिवसा ती आणि आई मिळून. रात्री आई एकटी, कारण मुलीची परीक्षा आहे. पेशंट सांभाळायला ब्युरोकडून येणारी बाई परवडत नाही. आईचं, म्हणजे ताईंचं, पोळ्या लाटायचं काम होतं, ते सुटलं.

सात आठवडे झाले. कातडी शाबूत आहे.

ताईंनी आम्हाला रात्री थांबू दिलं. खोलीत जागा नव्हती, म्हणून कॅमेरा दारातच ठेवला.

(दृश्य: अंधार. मोबाइलचा गजर. २.००. दिवा लागतो.)

“अहो, उजवीकडे वळवतेय हं. घाबरायचं नाही.”

(तळवा खांद्याच्या पात्याखाली. दुसरा खुब्याखाली. एक, दोन, तीन, पुटपुटत. उशी. उशी. गोधडी. चादरीवरून फिरणारा उघडा हात. मग त्या टाचेवर बोट दाबतात, सोडतात, वाकून बघतात. कॅलेंडरवर खूण करतात. गजर ४.०० वर लावतात. दिवा बंद.)