मूत्रपिंडाचा आजार, विसर आणि चालणे

श्रोतेहो, नमस्कार.

मूत्रपिंडाच्या जुनाट आजाराचा रुग्ण तपासणीला जातो, तेव्हा रक्तातील क्रिएटिनिन हे टाकाऊ द्रव्य किती, रक्तदाब किती, पायांवर सूज आहे का, याची चौकशी होते. परंतु सकाळची गोळी घेतली की नाही हे त्याला हल्ली आठवत नाही, बाजाराचा हिशेब करताना त्याचा गोंधळ उडतो, ही गोष्ट बहुधा घरातच राहते. ‘वय झाले’ म्हणून ती सोडून दिली जाते. मूत्रपिंडाचा हा आजार गोव्याच्या काणकोण तालुक्यातील कित्येक घरे वर्षानुवर्षे सोसत आली आहेत, म्हणून आपण गोमंतकीयांनी तरी याविषयी मोकळेपणाने बोलायला हवे.

मूत्रपिंड आणि मेंदू या दोहोंना सतत भरपूर रक्त लागते, आणि उच्च रक्तदाब व मधुमेह यांमुळे दोहोंतील बारीक रक्तवाहिन्या सारख्याच झिजतात. त्यात रक्तात साचणारी दूषित द्रव्ये आणि रक्तक्षय यांची भर पडली, की लक्ष एकाग्र करणे आणि कामाची आखणी करणे जड जाऊ लागते.

अशा वेळी विश्रांतीचाच आग्रह धरणारे घरचे लोक प्रेमापोटी चूक करतात, असे मला वाटते. आठवड्याला एकूण १५० मिनिटे मध्यम श्रम, किंवा हृदयाला व शरीराला झेपतील तेवढे, हा सल्ला २०२४ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत मूत्रपिंडाच्या रुग्णांनाही दिला आहे. सोबत्याशी बोलता यावे, पण अभंग म्हणू लागल्यास दम लागावा, इतकी चाल पुरे. चालण्याने रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहायला मदत होते. बुद्धीवरील परिणाम तपासणारे या रुग्णांमधील प्रयोग मात्र लहान आहेत. त्यांतील काहींत लाभ दिसला, तरी हमी देण्याइतका तो पुरावा भक्कम नाही.

डायलिसिसच्या रुग्णांनाही, डॉक्टरांच्या संमतीने, उपचाराच्या पहिल्या दोन तासांत खाटेवरच पेडल फिरवता येते. डायलिसिससाठी ज्या हातात शस्त्रक्रियेने रक्तवाहिन्या जोडून ‘फिस्तुला’ केलेला असतो, त्या हाताने जड वजन उचलू नये. आपल्याकडील दमट उन्हात दुपारी चालणे टाळावे, आणि फेरफटक्यानंतर शहाळे पिण्याची सवय असेल तर आधी पोटॅशियमचा अहवाल डॉक्टरांना दाखवावा, कारण शहाळ्यात ते भरपूर असते. छातीत दुखले किंवा चक्कर आली, तर तत्काळ थांबावे.

घरच्यांना माझी एक विनंती आहे. रोज संध्याकाळी रुग्णासोबत तुम्हीही चाला, आणि पुढच्या तपासणीला जाताना रक्ताच्या अहवालाबरोबर त्याच्या विसराची चार उदाहरणेही कागदावर लिहून न्या.